राजधानीच्या चौकातली ओली कोठी

कोठी बसली तेव्हा शेवंता आत होती.

मोठा आवाज झाला नाही. वाळलेली भिंत पडते तेव्हा धडाडते, धूळ उडते. ओली माती तशी पडत नाही. म्हैस डबक्यात बसते तशी ती बसली. आधी वरचा थर आत झुकला, मग खालची भिंत पोटातून फुगली, आणि माझ्या हातात मातीचा गोळा तसाच असताना समोर चिखलाचा ढीग उरला. शेवंता आतून बोलत होती. गावातल्या कुणाच्या तरी सुनेची निंदा चालली होती. "आन् मंग थे मले म्हनते का..." इथे तिचा आवाज तुटला.

शेवंता माझी धाकटी जाऊ. कोठी म्हणजे धान साठवायचं मातीचं पिंप, माणसाएवढं उंच. आमच्या गोंदिया जिल्ह्यात घरच्या बायकाच ती हातांनी उभी करत. पण ही कोठी आमच्या अंगणात नव्हती. युरोपातल्या एका शहराच्या चौकात, दगडी चर्चच्या समोर होती. ते शहर त्या वर्षी संस्कृतीची राजधानी होतं, आणि आम्हाला तिथे माती कालवायला बोलावलं होतं.

आता पुन्हा मोह गळायला लागला आहे. सकाळी झाडाखाली फुलांचा सडा असतो आणि दुपारपर्यंत अंगणभर त्याचा गोड, जरा आंबूस वास सुटतो. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी मागे सरलं की काठची काळी माती उघडी पडते. हा कोठीचा हंगाम. धान घरात आलेलं, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लांब, ऊन भट्टीसारखं. पूर्वी या दिवसांत ज्या त्या अंगणात अर्धी कोठी उभी दिसायची. आता कुणी बांधत नाही. खाण्यापुरतं धान ड्रमात ठेवतात, बाकीचं पोत्यात भरून गाडीत. मला त्याचं दुःख नाही. ड्रमात उंदीर जात नाही आणि ड्रम लिंपावा लागत नाही. पण मोहाचा वास नाकात शिरला की तळहाताला ओल्या मातीचा गारवा आठवतो, आणि त्याच्या मागे तो चौक येतो.

कोठीला तलावाची माती लागते, धानाचा भुसा, शेण, आणि बारीक कापलेली तणस, म्हणजे धानाचं वाळलेलं गवत. ते भिजवून पायाने तुडवायचं. मग वीतभर उंचीचा थर घालायचा आणि थांबायचं. दुसऱ्या दिवशी बोटाने दाबून बघायचं. बोट रुतलं नाही तरच पुढचा थर. कोठी खांद्याच्या वर गेली की बाहेरून हात पुरत नाही. मग घरातली सगळ्यात बारीक बाई वरच्या तोंडातून आत उतरते आणि आतून लिंपत जाते. तळाशी धान काढायला एक भोक असतं, हात जाईल एवढं. बाई आत असली की ते मोकळं ठेवतात. तिला उजेड तिथून, वारा तिथून.

आमच्या घरची बारीक बाई म्हणजे शेवंता. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "चांगली हाये. कोठीत मावते." एवढंच तिचं कौतुक झालं. पुढे मुलं झाली, नातवंडं झाली, तरी ती कोठीत मावतच राहिली. आत गेली की तिचा आवाज घुमायचा. बाहेर जे बोलायला लाज वाटते ते ती कोठीत बसून बोलायची. गावातल्या अर्ध्या भानगडी मला कोठीच्या भोकातून कळलेल्या आहेत.

आमच्या घरात आणखी एक रीत होती. अक्षय तृतीयेच्या आत कोठीचं तोंड बांधून व्हायलाच पाहिजे. त्या दिवशी शेतीचं नवं वर्ष लागतं. कोठी उघड्या तोंडाने नव्या वर्षात गेली तर घरातलं एक माणूस कमी होतं, असं सासू सांगायची. तिची एक कोठी तशी राहिली होती आणि त्याच वर्षी तिचा एक मुलगा गेला होता. तो तापाने गेला. तापाला औषध मिळालं नाही म्हणून गेला. पण सासूने ते कोठीवर घातलं, आणि शेवंताने सासूकडून ते जसंच्या तसं घेतलं. मला ते कधी पटलं नाही. तरी मीही कधी कोठी उघडी ठेवली नव्हती. कशाला ठेवायची?

बोलावणं आलं ते मार्थामुळे. ही तिकडची बाई, उंच, केस कापलेली, बाराही महिने एकच निळा कोट. काही वर्षांपूर्वी ती गोंदियाच्या कॉलेजातल्या पल्लवी मॅडमबरोबर आमच्या घरी आली होती. आमची जुनी कोठी तिने टेप लावून मोजली, भोकात हात घालून पाहिला, आणि आमच्याबरोबर बसून भात खाल्ला. मग वर्षभर संस्कृतीची राजधानी व्हायची तिच्या शहराची पाळी आली; तिकडे दरवर्षी वेगळं शहर निवडतात. जगात कुठे कुठे लोक धान्य कशात ठेवतात ते सगळं एका चौकात मांडायचं, तेही तिथेच बांधून, असं त्यांनी ठरवलं. मी, शेवंता, आमच्या शेजारची गिरजा आणि बोलायला पल्लवी, अशा चौघी गेलो.

निघताना माझा दीर, म्हणजे शेवंताचा नवरा, गोंदियाच्या स्टेशनवर आला होता. गाडी सुटताना मला म्हणाला, "वहिनी, तुमी मोठ्या. इले वापस आनजा." शेवंता खिडकीतून ओरडली, "मी का पिशवी होय?" सगळे हसले. मीही हसले.

राजधानी म्हटल्यावर मला वाटलं होतं की मोठे बंगले असतील, पोलीस असतील. तसं काही नव्हतं. सडक अर्जुनीच्या बाजारात जास्त गर्दी असते. पण खांबाखांबावर झेंडे होते, दुकानांच्या काचांवर चित्रं होती, रोज कुठे ना कुठे वाजवणं चालायचं. माणसं उंच लाकडी पायांवर चालायची. एक दिवस नदीत पियानो तरंगत ठेवला होता आणि एक बाई तो वाजवत होती. भिजला तर काय करणार, हे मी विचारलं. पल्लवीने ते त्यांना सांगितलंच नाही.

मला वाटलं ही आपली मंडई. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. ज्या गावाची मंडई त्या गावात सगळे पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, चुलीवरून भांडं उतरत नाही, रात्री दंडारीचा नाच-नाटक होतो, पाळणे येतात. त्या दिवसापुरतं आमचं गावही राजधानीच असतं. फरक इतकाच की आमची मंडई दुसऱ्या दिवशी उठते आणि यांना ती वर्षभर ओढायची होती. मार्थाच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी पल्लवीला म्हटलं, "हिले विचार, पाहुन्याइले कटाळली का?" पल्लवीने विचारलं. मार्था बराच वेळ हसली, आणि हो म्हणाली.

विमानात माती नेता आली नाही. तिथे माती दुकानातून पोत्यात भरून आली. गिरजाने मूठभर घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "काकी, हिले वासच नाही." गवत गव्हाचं. शेण एका तबेल्यातून, घोड्याचं. चालवून घेतलं. खरी अडचण उन्हाची होती. तिकडे वैशाख आमच्या पौषासारखा. सकाळी धुकं, दुपारी ढग, आणि ऊन पडलं तरी बिनतापाचं. थर घातला की दुसऱ्या दिवशी बोट रुतायचं. तिसऱ्या दिवशी पण रुतायचं.

आमच्या बाजूला आफ्रिकेतल्या दोन बायका त्यांची कोठी बांधत होत्या. गोल पोटाची, वर गवताची टोपी असलेली. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना. पण त्या मातीवर तळहात ठेवून ओल बघायच्या, अगदी आपल्यासारख्या. त्यांनी कमरेएवढी बांधली आणि थांबल्या. दिवसभर खुर्च्या टाकून बसून राहायच्या, चहा प्यायच्या, विणकाम करायच्या.

शेवंताला बसणं जमेना. अक्षय तृतीया जवळ आली होती आणि घरी तिच्या सुनेला दिवस भरत आले होते. तिचा सगळा जीव तिकडे आहे हे मला कळत होतं. घरातलं एक माणूस कमी होतं, ही सासूची गोष्ट. आणि घरात एक माणूस यायचं होतं.

"मार्था बोलून राहिली, जल्दी नाही," पल्लवीने समजावलं. "आजी, पूरा साल पडा है. आरामात करा."

"तिचं साल वेगळं, आपलं वेगळं," शेवंता म्हणाली.

गिरजा म्हणाली, "मावशी, भित अजून वली हाये."

"वली हाये तं वाळन. मी का पैल्यांदा बांधून राहिली?"

त्या आफ्रिकेच्या बायकांपैकी मोठी उठून आली. आमच्या कोठीवर तिने तळहात ठेवला, काढला, आणि शेवंताकडे बघून मान हलवली. नाही, नाही. मग दोन्ही हात पसरून खाली बसल्यासारखं केलं. लहान मुलालाही कळलं असतं.

"तिले काय समजते आपली कोठी?" शेवंता म्हणाली, आणि स्टुलावर चढून आत उतरली.

आम्ही तिला अडवलं नाही असं नाही. अडवलं. पण ती आमच्या घरात कोठीची मालकीण होती. कोठीच्या बाबतीत तिचा शब्द सासूनंतरचा. मग आम्ही वरून गोळे द्यायला लागलो, कोठीचा गळा आत वळायला लागला, तिची निंदा सुरू झाली, आणि कोठी बसली.

सगळ्यात आधी त्या दोघी आफ्रिकेच्या बायका धावल्या. मग सगळा चौक. कॉफीच्या गाडीवाला हातातल्या ट्रेने चिखल उपसायला लागला. कोट घातलेले, टाय बांधलेले, कुणीतरी समारंभाला चाललेलं, सगळे गुडघ्यावर. मी काय करावं ते मला सुचेना. आणि तेवढ्यात खाली पाहिलं तर तळाच्या भोकातून हात बाहेर आलेला.

अशा भोकातून आजपर्यंत धान बाहेर येताना पाहिलं होतं. हात पहिल्यांदा पाहिला. हिरव्या बांगड्या, वर चिखल. मी खाली बसले आणि तो हात धरला. त्याने माझी बोटं दाबली.

बाकीचे उकरत होते. मी उकरलं नाही. मी हात धरून बसले. कुणी बाजूला हो म्हणालं तरी झाले नाही. तो हात दाबत होता तोवर मला बाकी काही बघायचं नव्हतं. मी म्हणत होते, "शेवंता, दाब. दाब गं." ती दाबायची. गिरजा ओरडत होती, पल्लवी रडत होती आणि तिकडची माणसं त्यांच्या भाषेत ओरडत होती. मग एकदा मी "दाब" म्हटलं आणि हाताने दाबलं नाही.

मी पुन्हा म्हटलं. हात ऊन होता, पण दाबत नव्हता.

तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही. मला स्टेशन आठवलं. दीर आठवला, त्याचं धोतर, त्याने हसत म्हटलेलं ते वाक्य. रिकाम्या हाताने त्याच्यासमोर गाडीतून कसं उतरायचं, एवढंच डोक्यात होतं.

तिला बाहेर काढलं तेव्हा ती मातीचीच वाटत होती. कुठे लुगडं, कुठे अंग, कळत नव्हतं. गिरजाने तिला कुशीवर वळवलं, तोंडात बोट घातलं आणि चिखलाचा गोळा ओढून काढला. वासरू जन्मलं की त्याच्या तोंडातलं काढतात तसं. गिरजाच्या घरी गुरं आहेत, तिला सवय. मग त्या मोठ्या आफ्रिकेच्या बाईने शेवंताच्या पाठीवर थाप मारली. एक, आणखी एक. शेवंता खोकली.

मी आयुष्यात पुष्कळ खोकले ऐकले आहेत, दम्याचे, बिडीचे, क्षयाचे. खोकला ऐकून हात जोडले ते तेव्हाच.

शेवंताने डोळे उघडले. मातीच्या ढिगाकडे पाहिलं. म्हणाली, "कोठी मोडली काऊन? मले बाजूनं काढता नाही आलं?"

दवाखान्यात कळलं की दोन बरगड्या आणि डाव्या खांद्याचं हाड मोडलं आहे. बाकी ठीक. तिथला डॉक्टर तरुण होता. त्याने तिच्या कानातून माती काढली आणि ती एका छोट्या वाटीत जपून ठेवली, जणू तिला परत द्यायची होती.

घरी फोन मलाच करायचा होता.

"भाऊजी, शेवंता पडली."

"कुठं पडली?"

"कोठीत."

"कोठीत?" "वहिनी, खरं सांगजा. जित्ती हाये ना?"

"जित्ती हाये. शिव्या देऊन राहिली."

"कोनाले?"

"मले. गिरजाले. सगळ्याइले. कोठी मोडली म्हनून."

दिराने मोठा श्वास सोडला तो मला तिथपर्यंत ऐकू आला. "मंग ठीक हाये," तो म्हणाला. आणि त्याने फोन मुलाकडे दिला.

अक्षय तृतीया शेवंताची दवाखान्यात गेली. दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवली नाही. मी समजूत काढली नाही, तिला ती चालत नाही. शेजारी बसून राहिले. आणखी काही दिवसांनी घरून फोन आला. मुलगी झाली होती, चांगली वजनदार, आई-लेक दोघी बऱ्या. शेवंताने फोन कानाला लावून बाळाचं रडणं ऐकलं, दोनदा ऐकलं. मग तिला भूक लागली.

"तं सासूच्या बोलन्याचं काय झालं?" मी विचारलं. राहवलं नाही.

"सासूची कोठी अर्धी राहिली होती," ती तोंडात घास असताना म्हणाली. "आपली मोडली. मोडलेलीचं लागत नाही."

मार्था रोज यायची. ती आमच्यापेक्षा जास्त घाबरली होती. तिच्या वरच्या लोकांनी चौक रिकामा करायचं ठरवलं होतं. पण आफ्रिकेच्या बायकांनी उठायला नकार दिला आणि आमच्या ढिगावर रोज पाणी मारून माती ओली ठेवली. शेवंताला चालायची परवानगी मिळाल्यावर मी आणि गिरजाने त्याच मातीची गुडघ्याएवढी कोठी बांधली. थर घालायचा आणि खुर्ची टाकून बसायचं. चहा प्यायचा. मी त्या बायकांकडून विणकामाचे टाके शिकले. शेवंता गळ्यात हात बांधून बाकावर बसायची आणि आमच्या चुका काढायची. एवढ्याशा कोठीत कुणी मावणार नव्हतं, मांजरही नाही. मला ती फार आवडली.

त्या शहराचं वर्ष पुढे संपलं. आता राजधानी दुसरीकडे कुठेतरी आहे. मार्था फोनवर सांगत होती की शेवटचा झेंडा उतरवला त्या दिवशी ती घरी जाऊन दुपारभर झोपली. मला तिचं म्हणणं समजलं. मंडई उठली की मीही तशीच झोपते. गाव पुन्हा आपलं होतं, कुठेही पाय पसरता येतात. कायमची राजधानी कुणालाच सोसली नसती.

शेवंताचा डावा हात अजून पूर्ण वर जात नाही. ढग आले की खांदा दुखतो आणि मग घरातल्या सगळ्यांना ते ऐकावं लागतं. नात आता अंगणात मोहफुलं वेचते. वेचते कमी, खाते जास्त.

आमची ती जुनी कोठी, मार्थाने मोजलेली, अजून मधल्या खोलीत उभी आहे. धान नसतं तिच्यात, गोधड्या असतात. परवा शेवंता म्हणाली, "आतून पापुद्रे सुटून राहिले. लिंपावं लागते."

"कायले? गोधड्याइले का उंदीर लागते?"

"पडन ना."

"पडू दे. रिकामी पडन."

मला वाटलं विषय संपला. आज दुपारी मी पाणी भरून घरात आले तर गोधड्या खाली काढलेल्या, स्टूल कोठीला लावलेलं, आणि आतून आवाज. "बाई, माती दे ना. हात वाळून राहिला माहा."

मी बरंच बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती आतून ऐकत होती आणि मधूनच हसत होती. कोठी सासूच्या हातची, दगडासारखी वाळलेली. ती पडणार नाही हे मला माहीत आहे. तरी घमेलं तिच्याकडे दिल्यावर मी खाली बसले आणि तळाच्या भोकात हात घातला. तिच्या पायाला लागला. पाय ऊन होता.

"हात काढ," शेवंता ओरडली. "उजेड अडवून राहिली."

मी हात काढला. तिची निंदा सुरू झाली, या वेळी गिरजाच्या नव्या सुनेची, आणि मी गोळे देत राहिले.

चौघी गेलो होतो. चौघी परत आलो, शेवंता धरून.